सरकारी बर्फ

अहो,

तुमचा तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. मधूही आज सकाळच्या पॅसेंजरने बीनाला गेला. रेल्वेची नोकरी, आणखी रजा मिळाली नाही. निघताना दारात थांबून म्हणाला, "आई, खाना टाइम पे खा लेना, मी शनिवारी येतोच." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. तुम्ही असतात तर "कुठली तरी एक भाषा धड बोल" म्हणून त्याला तिथेच उभं केलं असतंत. मी नुसती मान हलवली.

घर रिकामं झालं आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. समोर असताना कधी जमलं नाही. चार माणसांत तर सोडाच, तुमच्यापुढेही माझा आवाज घशाच्या वर येत नसे. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर हळूहळू चालतं. पण कागदापुढे लाज वाटत नाही, हे आज कळलं.

शेवटचं तुम्ही मला काय विचारलंत ते आठवतं का? दुपार होती. तुमच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बर्फाचा खडा चोखू द्या. मधू तुमची सायकल काढून स्टेशनाकडे गेला आणि टॉवेलात गुंडाळून बर्फ घेऊन आला. आपली पोर, सुमी, गेल्यापासून आपल्या घरात आलेला तो पहिला बर्फ. हे तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. मधूला तेवढं ठाऊक नव्हतं. मी वरवंट्याने तो फोडला आणि एक खडा तुमच्या ओठांशी नेला. तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतलेत. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "धुतलास का?"

मी म्हटलं, "हो." मग तुम्ही तोंड उघडलंत.

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. मला तेव्हा राग आला. वाटलं, बघा, माणूस चाललाय आणि बर्फ धुतला की नाही याची चौकशी करतोय. जन्मभर प्रत्येक गोष्ट तपासून घेतली, आता मरणही तपासून घेणार. तुमच्यावर मनातल्या मनात रागावण्याची मला इतकी सवय होती की तुमच्या उशाशी बसूनही ती सुटली नाही.

त्या प्रश्नाचा अर्थ मला तेराव्याच्या दिवशी कळला. तो तुम्ही सांगितला नव्हतात. तुमच्या हाताखालच्या रज्जनने सांगितला. पण तिथवर येण्याआधी मला मागचं बोलू द्या. एकदा तरी मधे न थांबवता ऐका.

आपलं लग्न ठरलं तेव्हा ग्वाल्हेरला माझ्या आत्याने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" वडील म्हणाले, "सरकारी नोकरी. डांबराच्या परीक्षा घेतो." आत्या हसत सुटली. "आणि डांबर नापास झालं तर? छड्या मारतो की काय?" मी परकर सावरत दाराआड उभी होते. मलाही हसू आलं, पण भीतीही वाटली. परीक्षा घेणारा माणूस म्हणजे कसा असेल!

तुम्ही अगदी तसेच निघालात. पण पहिल्या हिवाळ्यातली ती सकाळ मी विसरले नाही, तेवढं श्रेय तुमचं तुम्हाला देते. तुम्ही रात्री गच्चीवर एक पत्र्याची पट्टी ठेवली होती, तिच्यावर डांबराचा पातळ थर. सकाळी मला वर बोलावलंत. झाशीची थंडी, लक्ष्मी गेटच्या बाजूने कोळशाचा धूर येत होता, लांब स्टेशनात इंजिन पाणी भरताना फुसफुसत होतं. तुम्ही पट्टी दोन्ही हातांत धरून हळूच वाकवलीत. तडकन बारीक आवाज झाला आणि त्या काळ्या थरावर केसासारखी रेघ उमटली.

"बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "उन्हात डांबर पाघळतं ते सगळ्यांना दिसतं. थंडीत ते आखडतं आणि फाटतं, ते कोणी बघत नाही. मग पावसाचं पाणी त्या भेगेत शिरतं आणि रस्ता आतून जातो. भट्टीवर फार तापवलेलं डांबर थंडीत असं फाटतं."

मी विचारलं, "मग चांगलं कुठलं?"

"जे थंडीतही वाकतं ते."

तुम्ही माझ्याशी एवढं सलग बोललेलं तोवर मी ऐकलं नव्हतं. मला फार आवडलं होतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

बबीना छावणीच्या वाटेवर तुमच्या खात्याची ती पत्र्याची शेड होती, तिला तुम्ही प्रयोगशाळा म्हणायचात. थंडीची परीक्षा तुम्ही भर उन्हाळ्यात घ्यायचात. मी एकदा म्हटलं, "मे महिन्यात थंडीची परीक्षा कशाला?" तर म्हणालात, "रस्त्यावर डांबर उन्हाळ्यात पडतं. थंडी आल्यावर परीक्षा घेऊन काय करू, लोणचं घालू?" म्हणून स्टेशनाजवळच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या यायच्या, भुशात पुरून ठेवलेल्या. लाकडी पेटीत बर्फ आणि खडे मीठ कालवायचं. मिठाने बर्फ लवकर पाघळतो आणि आणखी थंड होतो, हे मी तुमच्याकडून शिकले. त्या पेटीत डांबराच्या पट्ट्या गार करायच्या, मोजून वाकवायच्या, कुठल्या अंशाला तडा गेला ते बघायचं. बाहेर भाजणारी लू चालायची आणि तुमच्या हातांची बोटं मिठाने, गारठ्याने फुटलेली असायची. मी संध्याकाळी त्यांना तेल लावायची. शेजारच्या कक्को बघायच्या आणि त्यांच्या बुंदेलीत म्हणायच्या, "काय बहू, सबके पाँव फटत जाड़न में, तुमाए इनके हाथ फटत जेठ में!" लोकांचे पाय थंडीत फुटतात, तुमचे हात भर जेठात, हे ऐकून तुम्ही हसायचात. हो, हसायचात तेव्हा तुम्ही.

आणि तुमचा तो नियम. वापरून झालेली सरकारी वस्तू घरी आली तर चालेल, कोरी येता कामा नये. झिजलेली पेन्सिल यायची, नवी नाही. फाटलेलं गोणपाट यायचं, धड नाही. नापास झालेल्या पट्ट्या यायच्या. एकदा मी चिडवलं होतं, "आपल्या घरात सरकारचं उष्टं चालतं वाटतं." तुम्हाला ते लागलं नाही. "उष्टं खाल्लं तर कोणाच्या ताटातलं जात नाही," म्हणालात. मला तुमचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. आजूबाजूला सरकारी डांबराने लोकांच्या गच्च्या गळायच्या थांबत होत्या आणि आपल्या गच्चीखाली मी पातेली मांडत होते, तरी अभिमान वाटायचा.

त्या नापास पट्ट्या सुमीच्या आवडीच्या. हिवाळ्यात सकाळी उठली की तुमच्या मांडीवर चढायची. "बाबा, पापड मोडा ना." रात्रभर गारठलेली पट्टी तुम्ही वाकवायचात, तडकन आवाज व्हायचा, ती टाळ्या पिटायची. "फेल!" म्हणून ओरडायची. तो शब्द तुम्हीच शिकवलात. तिची मराठी मधूपेक्षा चांगली होती. पाच वर्षांची पोर "बाबा, हा पापड पास का होत नाही?" असं सगळं स्वच्छ बोलायची.

तिला ताप आला तेव्हा वैशाख संपत आला होता. मियादी ताप आहे, मुदत भरल्याशिवाय उतरणार नाही, असं माणिक चौकातले डॉक्टर म्हणाले. मुदत भरत आली आणि ताप उतरायच्या ऐवजी चढला. त्या सकाळी तिचं कपाळ तव्यासारखं लागत होतं. डोळे उघडे होते आणि ती मला ओळखत नव्हती. डॉक्टर बघून गेले. "बर्फ़ रखिए माथे पर, जितना मिले, जितनी जल्दी मिले," म्हणाले.

तुम्ही कामावर निघाला होतात. सायकल दाराबाहेर काढलेली. मी तुमच्या मागे आले. जेवढं बळ होतं तेवढं गोळा करून म्हटलं, "तुमच्याकडे आज बर्फ आलाय ना? थोडा आणाल?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "तो सरकारी आहे."

मग म्हणालात, "चौकात मिळेल. कक्कोंना सांग कोणाला तरी पाठवायला." आणि गेलात.

कोणाला पाठवणार होत्या कक्को? घरोघरी पुरुष कामावर गेलेले. मी सुमीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि पितळी डबा घेऊन स्वतः माणिक चौकात गेले. लग्न होऊन झाशीत आल्यापासून मी बाजारात एकटी गेले नव्हते. बर्फवाल्याच्या दुकानापुढे पुरुषांची गर्दी. मी बाजूला उभी राहिले, पदर डोक्यावर, तोंडातून शब्द निघेना. लोक येत होते, बोलत होते, रिकाम्या हातांनी परत जात होते. शेवटी त्यानेच माझ्याकडे बघितलं. "का चइए, बाईजी?"

"बर्फ," मी म्हटलं. "बच्ची को बुखार है."

त्याने गोणपाट उचलून दाखवलं. खाली नुसता ओला भुसा. "एक डली नइयाँ, बाईजी. फौज की स्पेशल निकरी है, कारखाने का सब माल गाड़ी में चढ़ गओ. ऊपर से सहालग के दिन, घर-घर ब्याह. कल सबेरे आइयो."

मी तो भुसाच डब्यात भरून मागणार होते. धीर झाला नाही. रिकामा डबा घेऊन परत आले. दिवसभर माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. पाणी घडीतच कोमट व्हायचं.

संध्याकाळी तुम्ही आलात. हातात काही नव्हतं. सदरा पुढून छातीपासून पोटापर्यंत चिंब भिजलेला. मला वाटलं, नळाखाली डोकं घालून आला असाल, ऊन फार होतं. तुम्ही सुमीजवळ बसलात आणि तुमचे दोन्ही तळवे तिच्या कपाळावर ठेवलेत. बराच वेळ तसेच बसलात. मी विचारलं नाही, बर्फाचं काय झालं म्हणून. तुम्ही सांगितलं नाहीत. पहाटे, दिल्लीकडच्या गाडीची शिट्टी वाजत असताना, ती गेली.

बर्फाने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण बर्फ होता. गावात कुठेच नव्हता आणि तुमच्या शेडमध्ये होता, आणि तुम्ही दिवसभर त्यात डांबर गार करत बसलात. हे एवढंच मी आजवर धरून बसले. त्याच्यावर स्वयंपाक केला, मधूला वाढवलं, तुमच्या भावांची लग्नं लावली. तुम्ही पाणी मागितलंत की भांडं पुढे ठेवायची आणि मनात म्हणायची, घ्या, सरकारी नाही.

उन्हाळ्यात लोकांच्या घरी सरबतात बर्फ असायचा, आपल्या घरी कधी आला नाही. तुम्ही कधी मागितला नाहीत. लग्नकार्यात कुल्फी पुढे आली की हात आखडता घ्यायचात. मला वाटायचं, लाज वाटते आहे. वाटू दे. मधू लहानपणी बर्फाच्या गोळ्यासाठी हट्ट करायचा तेव्हा आपण दोघं एकदम "नाही" म्हणायचो. तेवढ्या एका गोष्टीवर आपलं एकमत होतं.

आणि तो बबीन्याचा रस्ता! माझी मावसबहीण तिथे छावणीत राहायची. तिच्याकडे जायचं म्हणजे बसने त्याच रस्त्याने. तुम्ही खिडकीशी बसायचात आणि सारा वेळ खाली रस्त्याकडे बघत राहायचात. थंडीच्या दिवसांत एकदा म्हणालात, "बघ, एवढे हिवाळे झाले, एक भेग नाही." मी तोंड फिरवून बसले. सगळ्या बससमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. का दिसलं होतं? मावसबहिणीकडे पोचल्यावर तुम्ही तिला सांगितलंत, "हिला बस लागते, जरा पाणी द्या." बस लागते!

तर रज्जन.

तेराव्याला तो आला. तुमच्या प्रयोगशाळेतला खलाशी, म्हणजे गडी, पेट्या उचलणारा, मीठ कुटणारा. आता म्हातारा झालाय, पांढऱ्या मिशा, काठी घेऊन चालतो. तुमच्या फोटोला हात जोडले आणि पानावर बसला. मी वाढत होते. मी पुरुषांच्या पंगतीत वाढताना बोलत नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून तोच बोलत होता, अर्धं माझ्याशी, अर्धं मधूशी.

"ऐसे आदमी अब नहीं होते, भाभीजी. ज़िंदगी में एक ही चोरी करी बाबूजी ने, और वो भी हमारे सामने." असं म्हणून हसला. "आपको तो सब मालूम ही है. वो बिटिया वाले दिन की बरफ़."

माझ्या हातात पुऱ्यांची परात होती. ती मी खाली ठेवली नाही. मधू म्हणाला, "कौन सी बरफ़, चाचा?"

मग त्याने सांगितलं. तुम्ही जे मला सांगायला हवं होतंत ते त्याने पंगतीत, बुंदीचा लाडू मोडत सांगितलं.

त्या दिवशी दुपार उतरेपर्यंत तुम्ही बबीन्याच्या रस्त्याच्या डांबराची परीक्षा घेतलीत. एकेक पट्टी, घाई न करता. माल नापास झाला. पिंपं परत पाठवायची चिठ्ठी लिहिलीत. साहेब दौऱ्यावर होते, विचारायला कोणी नव्हतं. मग तुम्ही रज्जनला म्हणालात, गोणपाट आण. भुशात अख्खी लादी पडली होती. रज्जन म्हणाला, "हमने कही, बाबूजी, जा साबुत सिल्ली धरी है, जई ले चलो. बोले, नहीं रज्जन, वो कल के टेस्ट की है. ये पेटी वाली तो फिंकनी ही है, ये ले चलते हैं."

पेटीतला. मीठ कालवलेला.

तुम्ही तो गोणपाटात बांधलात, सायकलला लावलात. रज्जन दुसऱ्या सायकलवर मागे. वरून ऊन, आणि मिठाचा बर्फ, तो थांबतोय होय! "पीछे-पीछे हम, और सड़क पे पानी की लकीर," रज्जन म्हणाला. लक्ष्मी गेटच्या हातपंपाशी तुम्ही उतरलात. गोणपाट सोडलं तर आत नारळाएवढा गोळा उरला होता, बाकी चिखल. तुम्ही म्हणालात, याला मीठ आहे, त्या गारठ्याने बच्चीचं कपाळ भाजेल, धुवायला हवा.

"हम हत्था मार रए, बाबूजी धो रए. धोते-धोते, भाभीजी, हाथ में बेर बराबर रह गओ. फिर बो भी कुर्ते में दबा के भागे घर की तरफ़. हमने पीछे से आवाज़ दई, सिल्ली ले आएँ? बोले, किसी से कहना मत, सरकारी चीज़ है." रज्जनने डोळे पुसले. "हमने किसी से नहीं कही. हमने सोची, आपसे तो कही ही होगी."

मधू माझ्याकडे बघत होता. मी रज्जनला पुरी वाढली. "और लीजिए," म्हटलं. मग परात घेऊन आत गेले.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे.

त्या भिजलेल्या सदऱ्यावर नंतर पांढरे ओघळ उमटले होते. घामाचं मीठ समजून मी तो दगडावर आपटून धुतला. तुम्ही अंगणात उभं राहून मला तो धुताना बघत होतात. तेव्हा तरी बोलायचं होतं. "अगं, मी आणला होता," एवढेच शब्द. मी काय केलं असतं? रडले असते, तुम्हाला बोलले असते, तुम्ही ऐकून घेतलं असतंत, आणि आपण दोघं मिळून तिच्यासाठी रडलो असतो. तुम्ही मला एकटीला रडायला लावलंत, आणि स्वतः कुठे रडलात मला माहीत नाही.

सगळ्यांत जास्त मला तुमचा राग कशाचा येतो, सांगू? तुम्ही चोरी केलीत त्याचा नाही. तुम्ही ती अर्धी केलीत. पोरगी तापाने फणफणते आहे, समोर अख्खी, कोरी लादी आहे, आणि तुम्ही तिथेही नियम बघितलात. कोरं नको, उष्टं चालेल. सरकारचं काम होऊन जे उरलं ते तुम्ही आपल्या मुलीला आणलंत. मीठ नसलेली लादी आली असती तर ती घरापर्यंत टिकली असती. हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? मिठाने बर्फ लवकर पाघळतो, हे मला तुम्ही शिकवलंत!

आणि परीक्षा संपेपर्यंत थांबलात. मी सकाळी विचारलं होतं. सकाळीच पेटी उघडायची होती.

मग दुसऱ्या बाजूने मनात येतं, की हा माणूस जन्मात एकदा आपला नियम मोडायला निघाला, मोडताही आला नाही धड, आणि रस्त्यात त्याच्या हातातून ते पाणी होऊन गेलं. पंपाखाली तुम्ही तो गोळा फिरवत होतात, लहान होत जाताना बघत होतात, आणि तरी धूत होतात, कारण तिचं कपाळ भाजू नये. तो मला सारखा दिसतो, तो पंप. कक्को गेल्या, बर्फवाला गेला, पंप आहे अजून. परवा मी मधूबरोबर तिथे गेले होते. त्याने पंप हापसला. मी हात खाली धरले. पाणी थंड असतं हो त्याचं, उन्हाळ्यातही. मधू म्हणाला, "आई, चल ना, लोग देख रहे हैं." मी म्हटलं, बघू देत. हे मी मोठ्याने म्हटलं. तुम्ही ऐकायला हवं होतं.

सायकल पंपाशीच टाकून तिथून घरापर्यंत तुम्ही धावलात. बोराएवढा बर्फ छातीशी धरून. घरात आलात तेव्हा काहीच उरलं नव्हतं, म्हणून गार झालेले तळवेच तिच्या कपाळावर ठेवलेत. एवढं मला आता समजतं. समजल्याने राग कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. आता तो तुमच्यावर नीट बसतही नाही आणि माझ्या हातून सुटतही नाही.

मला चोर नवरा चालला असता. हे तुम्हाला सांगणारं कोणी भेटलं नाही, कारण ते सांगायचं माझं काम होतं आणि माझा आवाज निघत नव्हता. दगडाचा नवरा मात्र मला चालला नाही, आणि तुम्ही जन्मभर मला तोच वाटू दिलात. लोकांनी, मी, कोणीही तुम्हाला चोर म्हणू नये म्हणून.

तो रस्ता अजून चांगला आहे, मधू सांगतो. ते डांबर तुम्ही परत पाठवलंत आणि दुसरं आणवलंत, म्हणून. चांगलं केलंत. त्या रस्त्यावरून कितीतरी लोकांच्या आजारी मुली दवाखान्यात पोचल्या असतील. मी ते नाकारत नाही. पण बसमध्ये मला पाणी द्यायला सांगण्याऐवजी एकदा माझा हात धरला असतात तर?

आता शेवटच्या दुपारचं सांगते. तुम्ही विचारलंत, धुतलास का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मी धुतला नव्हता. वरवंट्याने फोडला आणि तसाच तुमच्या ओठांशी आणला. धुण्यासारखं त्याला काही नव्हतंच. मीठ नव्हतं. कोणाच्या कामातून उरलेला नव्हता. मुलाने विकत घेऊन आपल्या बापासाठी सायकलवर आणलेला कोरा बर्फ होता, आणि तो घरापर्यंत अख्खा पोचला होता.

सुमीला मिळायला हवा होता तो तुम्हाला मिळाला. आणि तो तुमच्या तोंडात मी माझ्या हाताने घातला.